बडोद्याचं सयाजीराव विद्यापीठ : शहरातच मिसळलेला कॅम्पस

महाराजा सयाजीराव विद्यापीठाची स्थापना १९४९ ची, मुळं मात्र १८८१ च्या बडोदा कॉलेजात. रेल्वे स्टेशनवर उतरून चालत गेलं की कला शाखेचा घुमट दिसतो. सगळं एका कुंपणात नाही. तंत्रज्ञान शाखा १८९० च्या कलाभवनात, जिथे दादासाहेब फाळके शिकले, संगीत सूरसागराजवळ. त्यामुळे सेवउसळीची गाडी आणि कामाठीबागही मुलांना कॅम्पसच वाटते.

शिकवणं इंग्रजीत, गप्पा गुजरातीत. मराठी घरातल्या मुलांना सयाजीरावांचं नाव आपलं वाटतं. पण मराठी उरते ती घरात आणि मराठी विभागात. विभागाची बाकं भरली, तरच ती पुढे टिकेल.