सर्व्हिसिंगनंतर गाडीचं नुकसान? गॅरेजकडून भरपाई अशी मागा

गाडी सर्व्हिसिंगहून घरी येते आणि दारावर नवा ओरखडा दिसतो. किंवा दोन दिवसांत पार्किंगमध्ये ऑइलचं थारोळं साचतं. फोन केला की गॅरेजवाल्याचं उत्तर ठरलेलं असतं: "हे आधीपासूनच होतं साहेब." आधी काय होतं हे दाखवता आलं, तर अर्धं काम तिथेच होतं. त्यासाठी मोबाईल पुरेसा आहे.

गॅरेज जबाबदार कसं?

पैसे घेऊन केलेल्या कामातला निष्काळजीपणा म्हणजे ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सेवेतली त्रुटी. शिवाय गाडी गॅरेजच्या ताब्यात असेपर्यंत, सर्वसाधारण शहाणा माणूस स्वतःची वस्तू जपतो तितकी तिची काळजी घेणं गॅरेजला बंधनकारक आहे. हे भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १५१ मध्ये आहे.

मग 'गाडी मालकाच्या जबाबदारीवर' या पाटीचं काय? २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हॉटेलच्या व्हॅले पार्किंगमधून चोरीला गेलेल्या कारच्या प्रकरणात सांगितलं, की अशी अट छापून स्वतःच्या निष्काळजीपणातून सुटका होत नाही. गॅरेजशी बोलताना हा निकाल उपयोगी पडतो.

गाडी देताना

१. गाडीभोवती फिरून एकच सलग व्हिडिओ काढा. चारही बाजू, चाकं, काचा, आतली सीट, चालू इंजिनचा आवाज आणि शेवटी मीटरवरचे किलोमीटर. मला यासाठी दोन मिनिटं लागतात.
२. जॉब कार्डवर आधीचे ओरखडे आणि तुमची तक्रार लिहून घ्या. त्याचा फोटो काढा, मगच सही करा.
३. मूळ फाइल फोनमधून डिलीट करू नका. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की तो दाबला जातो आणि त्यातली तारीख-वेळेची माहिती निघून जाते. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर ती टिकते.

गाडी परत घेताना हेच पुन्हा करा, गेटच्या आत, उजेडात.

नुकसान दिसल्यावर

ऑइलचा लाल दिवा लागला तर गाडी बाजूला घेऊन इंजिन लगेच बंद करा. ड्रेन प्लग सैल राहिला असेल तर ऑइल गळून इंजिन जाम होऊ शकतं. दिवा दिसूनही गाडी पळवली, तर पुढच्या नुकसानीचा दोष तुमच्यावर येईल.

दुसरीकडे लगेच दुरुस्त करून घेऊ नका, पुरावाच निघून जातो. आधी गॅरेजला तपासायला बोलवा आणि दुसऱ्या मेकॅनिककडून कारण व खर्चाचा अंदाज लेखी घ्या. फोनवर भांडण्यापेक्षा असा मेसेज किंवा ईमेल मी पाठवीन:

"माझी गाडी (नंबर) अमुक तारखेला जॉब कार्ड क्रमांक अमुकनुसार तुमच्याकडे दिली होती. परत मिळाल्यावर हे नुकसान दिसलं. आधीचा आणि नंतरचा व्हिडिओ सोबत आहे. सात दिवसांत दुरुस्ती किंवा भरपाई करावी."

बिल अडवून ठेवू नका. केलेल्या कामाचे पैसे मिळेपर्यंत गाडी ठेवून घेण्याचा हक्क कायद्याने गॅरेजला आहे. पैसे भरा, पण 'नुकसानीबाबत हरकत राखून' असं लिहून.

दाद कुठे मागायची?

पहिली पायरी म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन: १९१५, किंवा व्हॉट्सॲप ८८००००१९१५. ते गॅरेजशी संपर्क साधून तडजोडीचा प्रयत्न करतात, आदेश मात्र देऊ शकत नाहीत.

तिथे जमलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. तक्रार 'ई-जागृती' पोर्टलवर ऑनलाइन करता येते. तुम्ही राहता किंवा नोकरी करता त्या जिल्ह्यात ती चालते, वकील सक्तीचा नाही. दिलेला मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर फी शून्य, म्हणजे सर्व्हिसिंगच्या बिलावर काही भरावं लागत नाही. मुदत दोन वर्षांची आहे. गॅरेजला उत्तरासाठी ३० दिवस आणि फार तर आणखी १५ दिवस मिळतात.

पोटापाण्यासाठी स्वतः टॅक्सी चालवत असाल, तरी तुम्ही ग्राहकच आहात.

कुठे दावा टिकत नाही?

सर्व्हिसिंगनंतर बिघडलं म्हणजे सर्व्हिसिंगमुळेच बिघडलं, असं होत नाही. ज्या भागाला हातच लावला नाही आणि जो झिजलेला होता, त्याचा दोष गॅरेजवर टाकता येणार नाही. ओरखडा पंधरा दिवसांनी दाखवलात, तर मधल्या पंधरा दिवसांचं उत्तर तुम्हालाच द्यावं लागेल. म्हणून जे दिसेल ते त्याच दिवशी लेखी कळवा.