पिंजरा, प्राणी आणि सरकारी नोंद

चांदवडच्या एखाद्या ओसरीवर तीन पिंजरे टांगले आहेत असे धरून चालू. पहिल्यात बजरीगर; आपल्याकडे त्यांना सरसकट 'लव्हबर्ड' म्हणतात. दुसऱ्यात निळा-पिवळा मकाऊ. तिसऱ्यात गावच्याच झाडाच्या ढोलीतून काढून वाढवलेला साधा पोपट, म्हणजे घरोघरचा मिठू. यांत गुन्हा कोणता, असे विचारले तर बहुतेक जण मकाऊकडे बोट दाखवतील. पक्षी परदेशी, किंमत भारी, तेव्हा काहीतरी भानगड असणारच! कायद्याचे उत्तर मात्र निराळे आहे. बजरीगरची नोंद लागत नाही, मकाऊची करावीच लागते आणि मिठूची करताच येत नाही.

याचे कारण असे की देशी आणि परदेशी प्राण्यांसाठी दोन वेगळ्या व्यवस्था आहेत आणि त्यांचे हेतूही वेगळे आहेत.

देशी प्राण्यांची व्यवस्था वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ बरोबरच आली. कलम ४० अन्वये, कायदा लागू होताना ज्यांच्या ताब्यात ठरावीक अनुसूचींतले प्राणी, कातडी किंवा शिंगे होती, त्यांनी मुख्य वन्यजीव रक्षकांकडे तसे जाहीर करायचे होते. त्यावर कलम ४२ खाली मालकीचे प्रमाणपत्र मिळे. चांदवड हे होळकरांचे गाव. रंगमहाल आजही उभा आहे. अशा गावांतल्या जुन्या घराण्यांच्या दिवाणखान्यातली काळविटाची शिंगे आणि देवघरातले मृगाजिन याच तरतुदीत येतात. ज्यांनी तेव्हा कळवले नाही त्यांना २००३ मध्ये आणखी एक संधी मिळाली. त्या वर्षी एप्रिलमध्ये निघालेल्या नियमांनी १८० दिवसांची मुदत दिली आणि ती संपल्यावर दार बंद झाले. त्यामुळे आज कोणी मांडूळ, घोरपड किंवा घरात लक्ष्मी नांदावी म्हणून आणलेले तारा कासव घेऊन 'याचे कागद करून द्या' म्हणत वनपरिक्षेत्र कार्यालयात गेला, तर कागद होणार नाहीत, पंचनामा होईल.

२०२२ च्या दुरुस्तीने सहा अनुसूचींच्या चार केल्या. मोर पहिलीत आहे, मिठू दुसरीत. मिठू पाळल्याबद्दल तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. सातमाळ्याच्या पायथ्याच्या शेतकऱ्याने यातले एक कलम तरी पाठ ठेवावे, ते म्हणजे ३९. कांद्याच्या वाफ्यात पाडस सापडले किंवा मोराची पिल्ले हाती लागली, तर ४८ तासांत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा वन अधिकाऱ्याला कळवायचे असते. दया म्हणून दूध पाजणारा माणूस तिसऱ्या दिवशी आरोपी ठरू शकतो, हे ऐकायला कठोर वाटते. पण ही मुदत नसती तर प्रत्येक चोरलेले पिल्लू 'सापडलेले'च निघाले असते.

परदेशी प्राण्यांची कथा उलटी आहे. वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचा साइटिस करार १९७३ चा. भारत त्यात १९७६ मध्ये सामील झाला. पण देशातल्या वन्यजीव कायद्यात त्याची तरतूद व्हायला २०२२ उजाडले. तोपर्यंत या प्राण्यांवरचा पहारा मुख्यतः सीमाशुल्क खात्याचा होता. एकदा विमानतळाबाहेर पडलेला इग्वाना किंवा बॉल पायथन जवळपास सुटलाच म्हणायचा. जून २०२० मध्ये केंद्र सरकारने स्वेच्छेने माहिती देणाऱ्यांसाठी सवलत काढली. सहा महिन्यांत कळवा, कागदपत्रे मागणार नाही, असा तिचा मथितार्थ. चोरट्या मालाला धुऊन देणारी योजना, अशी टीका तिच्यावर झाली आणि ती अगदीच गैरलागू नव्हती. तरी मला ती अपरिहार्य वाटते. देशात आज किती आणि काय आहे याचा पहिला आकडाच नसेल, तर उद्या आलेला प्राणी नवा की जुना हे कोण सांगणार?

दुरुस्तीतले कलम ४९-एम आणि २८ फेब्रुवारी २०२४ चे नियम यांनी ती सवलत सक्तीत बदलली. चौथ्या, म्हणजे साइटिसच्या यादीवरून केलेल्या, अनुसूचीतला जिवंत प्राणी बाळगणाऱ्याने सहा महिन्यांत 'परिवेश' पोर्टलवर अर्ज करायचा होता. नोंदणीचा अधिकार मुख्य वन्यजीव रक्षकांचा, म्हणजे महाराष्ट्रात नागपूरचा. चांदवडपासून ते सहाशेहून अधिक किलोमीटर लांब आहे. अर्ज ऑनलाइन आहे हे बरेच. यात खाचाही आहेत. चौथ्या अनुसूचीत जवळजवळ सगळे पोपटवर्गीय पक्षी आहेत, पण बजरीगर, कॉकटील आणि पीचफेस लव्हबर्ड वगळलेले. त्याच लव्हबर्डचा चुलतभाऊ फिशर मात्र यादीत आहे. दुकानात दोघे एकाच जाळीत बसलेले असतात आणि विकणाऱ्यालाही हा फरक ठाऊक असेलच असे नाही.

पहिल्या नोंदीपेक्षा पुढच्या नोंदी महत्त्वाच्या, हा या विवेचनाचा गाभा आहे. जन्म, मृत्यू आणि हस्तांतर, तिन्ही कळवणे कायद्याने बंधनकारक आहे. मकाऊ पन्नास वर्षेही जगू शकतो. तो पाचव्या वर्षी मेला आणि मालक गप्प राहिला, तर पक्षी जातो पण कागद जिवंत राहतो, आणि त्या कागदावर दुसरा, बहुधा तस्करीचा, पक्षी येऊन बसतो. हे रोखायचे तर कागद त्याच एका जिवाला बांधलेला हवा. पक्ष्याच्या पायातले अखंड कडे पिल्लू काही दिवसांचे असतानाच चढवता येते, म्हणून ते पिंजऱ्यातल्या जन्माचा बऱ्यापैकी पुरावा ठरते. सरपटणाऱ्यांना आणि सस्तन प्राण्यांना मायक्रोचिप लावता येते. असा पुरावा नसलेली नोंद म्हणजे नुसती वर्णनाची यादी.

शिवाय मालकी मान्य झाली म्हणून ताबा कायमचा होत नाही. नांदणीच्या जैन मठातली महादेवी हत्तीण हे ताजे उदाहरण. तिला 'वनतारा' या प्राणी बचाव केंद्राकडे पाठवण्याचा उच्चाधिकार समितीचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये कायम केला आणि सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हस्तक्षेप केला नाही. मठाच्या परंपरेपेक्षा हत्तिणीचे हित वरचे, असा तो निवाडा होता. कोल्हापूर जिल्ह्यातला त्यानंतरचा क्षोभ समजण्यासारखा आहे. पण कलम ४२ मध्येसुद्धा प्रमाणपत्र देण्याआधी प्राण्याच्या निवाऱ्याची आणि देखभालीची सोय तपासावी, अशी अट आधीपासूनच आहे.

राहिला मिठू. प्रमाणपत्र असलेल्या मालकाला प्राणी स्वेच्छेने सरकारला सोपवण्याची सोय २०२२ च्या दुरुस्तीत आहे. मिठूवाल्याकडे प्रमाणपत्र असूच शकत नाही, म्हणून ती त्याच्या कामाची नाही. पक्षी आणून देणे म्हणजे गुन्हा कबूल करणे, या भीतीने लोक एखाद्या पहाटे पिंजऱ्याचे दार उघडतात. दहा वर्षे डाळ आणि मिरची खाल्लेल्या पक्ष्याला ना चारा शोधता येतो, ना मांजर ओळखता येते. २०२० ची सवलत परदेशी पक्ष्यांच्या मालकांना ताबा राखण्यासाठी होती. देशी पोपटांसाठी तशीच मुदतबंद सवलत ताबा सोडण्यासाठी देता येईल: पक्षी वनपरिक्षेत्र कार्यालयात आणून द्या, गुन्हा दाखल होणार नाही. मात्र जमा झालेले पक्षी उडायला शिकेपर्यंत ठेवायला मोठे जाळीघर आणि पक्ष्यांची माहिती असलेला पशुवैद्य आधी हवा, नाहीतर ते एका पिंजऱ्यातून निघून दुसऱ्यात जातील.