न बोलणारा दुसरा



मराठी रंगभूमीचा इतिहास सांगावयास बसलेला मनुष्य बहुधा सांगलीपासून आरंभ करतो. १८४३ सालीं विष्णुदास भाव्यांनीं ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणलें. तेथून किर्लोस्कर, देवल, खाडिलकर, गडकरी अशी थोर नांवांची दिंडी निघते. या दिंडींत पांच-दहा मिनिटांत संपणाऱ्या नाटकाला कोणी पुढें येऊं देत नाहीं. ज्याला पडदा नको, पेटी नको, रंगपेटीहि नको, एक मनुष्य आणि त्याचा आवाज एवढ्यावर ज्याचें भागतें, त्या नाट्यछटेविषयीं आणि तिच्या पुढच्या वंशाविषयीं मी आज चार शब्द बोलणार आहें. मी आष्टीचा एक निवृत्त शाळामास्तर. माझें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें. नाट्यशास्त्रावर अधिकारानें बोलण्याची माझी पात्रता नाहीं. परंतु शाळेच्या स्नेहसंमेलनांत हा प्रकार मीं अनेक वर्षें मुलांकडून करवून घेतला आणि, आतां कबूल करावयास हरकत नाहीं, बरींच वर्षें चुकीचा करवून घेतला.

नाट्यछटेचे जनक शंकर काशीनाथ गर्गे, म्हणजे आपले ‘दिवाकर’. जन्म पुण्याचा, १८८९ सालचा, व्यवसाय शिक्षकाचा. १९११ सालीं ‘महासर्प’ ही त्यांची पहिली नाट्यछटा झाली आणि १९३१ सालीं वयाच्या अवघ्या बेचाळिसाव्या वर्षीं त्यांचें देहावसान झालें. वीस वर्षांत नाट्यछटा लिहिल्या पन्नासाच्या आसपास. एवढ्याशा पुंजीवर वाङ्मयांत स्वतंत्र दालन उघडणारे लेखक थोडे. ‘पंत मेले, राव चढले’ हा एक मथळाच घ्या. एकाचें मरण ही दुसऱ्याची बढती, हा कचेरींतला व्यवहार चार शब्दांत उभा राहतो. त्या काळचे नाटककार शिवाजीमहाराज, कीचक, सिंधू, सुधाकर यांच्या दुःखांत रमले होते. दिवाकरांनीं मात्र शेजारच्या बिऱ्हाडाच्या भिंतीला कान लावला.

ही कल्पना त्यांना सुचली ब्राउनिंग या इंग्रज कवीवरून. ब्राउनिंगच्या १८४२ सालच्या एका प्रसिद्ध कवितेंत एक इटालियन सरदार पाहुण्यास आपल्या मृत पत्नीचें चित्र दाखवीत असतो. पाहुणा आला आहे नव्या विवाहाच्या बोलणीसाठीं. सरदार चित्राची स्तुति करतो, पत्नीच्या हंसऱ्या स्वभावाविषयीं तक्रार करतो, आणि बोलतां बोलतां आपणच तिचा अंत करविला हें जवळजवळ कबूल करून टाकतो. पाहुणा आरंभापासून शेवटपर्यंत एक अक्षर बोलत नाहीं. ही कविता मला शाळेंतल्या एका इंग्रजी शिकविणाऱ्या सहकाऱ्यानें ओळीनें समजावून दिली, आणि त्या दुपारीं पहिल्यांदाच माझ्या ध्यानांत आलें कीं सगळी मौज त्या गप्प पाहुण्यांत आहे. तो नसता तर सरदाराला बोलण्याचें कारणच नव्हतें. त्याच्यापुढें प्रतिष्ठा मिरवावयाची आहे, म्हणून तर हा बोलतो आणि उघडा पडतो.

नाट्यछटेचें मर्म हेंच. आमच्याकडच्याच एका उदाहरणानें सांगतों. आमचा आष्टीचा मुलूख संत्र्यांचा. बहार झाडावर असतांनाच व्यापारी बाग पाहावयास येतो आणि उभ्या झाडांचा सौदा होतो. असा एक व्यापारी बागवानाशीं बोलतो आहे असें समजा: “नाहीं भाऊ, माल उत्तम आहे, मी कुठें नाहीं म्हणतों? … काय? वरूडच्या मंडईचा भाव? अहो, तो काल होता. … आईचें ऑपरेशन कोणत्या तारखेला म्हणालांत? … सोमवारीं! अरेरे. मग पैसे रोखच देतों कीं. माझा स्वभावच असा, कोणाची अडचण पाहवत नाहीं मला.” बागवान एकदाहि ऐकूं आला नाहीं, तरी त्याचा उतरलेला चेहरा, त्याची अडलेली गरज आणि व्यापाऱ्याच्या दयाळूपणाची किंमत, हीं तिन्ही तुम्हांस कळलीं असतील. हें मीं सहज जुळविलें आहे, यांत कलाकुसर नाहीं. दिवाकरांच्या हातीं हीच जागा कुठल्या कुठें गेली असती.

कित्येक लोक नाट्यछटेला स्वगत समजतात. हा गैरसमज पाठ्यपुस्तकांतूनहि बोकाळलेला मीं पाहिला आहे. स्वगतांत पात्र स्वतःशीं खरें बोलतें. नाट्यछटेंत तें दुसऱ्याशीं बोलतें, म्हणून बहुधा खोटें बोलतें, आणि खरें आपल्याला फटींतून दिसतें. विजय तेंडुलकरांचें ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हें नाटक १९६७ सालीं रंगभूमीवर आलें. त्यांतील लीला बेणारेचें शेवटचें दीर्घ भाषण सुलभा देशपांडे यांनीं अजरामर केलें. त्या वेळीं रंगमंचावरील इतर सर्व पात्रें थिजून गेलेलीं असतात; तिचें म्हणणें त्यांच्यापैकीं कोणाच्याहि कानीं जात नाहीं. तें स्वगत, आणि काय ताकदीचें! पण ती नाट्यछटा नव्हे. बेणारेला श्रोता मिळत नाहीं हें तिचें दुःख. दिवाकरांच्या पात्रांना श्रोता मिळतो हीच त्यांची फजिती.

दिवाकरांच्या मागें नाट्यछटा हळूहळू शाळेच्या संमेलनापुरती उरली, आणि मोठ्यांच्या रंगभूमीवर तिची जागा एकांकिकेनें घेतली. या भागांत आम्हां वैदर्भीयांना थोडी फुशारकी मारण्यास जागा आहे. महेश एलकुंचवार यवतमाळ जिल्ह्यांतील पारव्याचे. १९६५ च्या सुमारास नागपुरांत चित्रपटाचें तिकीट मिळालें नाहीं म्हणून ते तेंडुलकरांचें ‘मी जिंकलों! मी हरलों!’ हें विजया मेहता यांनीं बसविलेलें नाटक पाहावयास गेले आणि त्या एका संध्याकाळीनें नाटककार होऊन परतले. त्यांची ‘सुलतान’ ही एकांकिका १९६७ सालीं ‘सत्यकथे’त प्रसिद्ध झाली, पुढें विजया मेहतांनींच त्यांच्या एकांकिका रंगभूमीवर आणल्या. ‘होळी’ ही त्यांतील सर्वांत परिचित. सणाची सुट्टी नाकारली गेल्यामुळें वसतिगृहांतील मुलें बिथरतात, आणि त्यांचा राग अखेरीस त्यांच्यांतल्याच एका दुबळ्या मुलाच्या जिवावर उठतो. मी शिक्षक असल्यामुळें असेल, ही एकांकिका वाचल्यावर मला दोन दिवस वर्गांत पाऊल टाकतांना चोरट्यासारखें वाटत होतें.

दुसरे प्रेमानंद गज्वी, चंद्रपूरकडील. त्यांची ‘घोटभर पाणी’ ही सत्तरच्या दशकांतील एकांकिका दोन नटांच्या बळावर उभी राहते. पाण्याच्या घोटासाठीं माणसानें माणसापुढें काय काय व्हावें लागतें, हा तिचा विषय. १९२७ सालीं महाडच्या चवदार तळ्यावर जें घडलें त्याची आठवण ठेवणाऱ्याला ती निराळी समजावून सांगावी लागत नाहीं. तिला नेपथ्य लागत नाहीं म्हणून ती वस्तींतल्या ओट्यावरहि होऊं शकते, आणि झाली. २०१९ सालीं नागपुरास नव्याण्णवावें अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलन भरलें, तेव्हां अध्यक्ष गज्वी होते आणि उद्घाटक एलकुंचवार. लहान नाटकानें आरंभ केलेले हे दोन वैदर्भीय एका व्यासपीठावर पाहून मला जो आनंद झाला, तो खासगी स्वरूपाचा आहे. त्याचें समर्थन मी करीत नाहीं.

एकपात्री प्रयोगाचा आणखी एक फांटा येथें सांगितला पाहिजे. सुषमा देशपांडे यांनीं १९८९ पासून ‘व्हय, मी सावित्रीबाई’ हा प्रयोग गांवोगांवीं केला. सावित्रीबाई फुले येथें थेट समोर बसलेल्या बायाबापड्यांशीं बोलतात. म्हणजे दिवाकरांनीं रंगमंचावर कल्पिलेला तो गप्प दुसरा आतां खालीं सतरंजीवर येऊन बसला. हा मला मोठा पालट वाटतो. येथें बोलणारी उघडी पडत नाहीं, ऐकणारा पडतो.

आतां माझ्या चुकीकडे येतों. आष्टीचें नांव इतिहासांत आहे तें १६ ऑगस्ट १९४२ च्या दिवसामुळें. त्या दिवशीं पोलीस ठाण्यावर मोर्चा गेला, गोळीबार झाला, आंदोलक धारातीर्थीं पडले आणि पोलीसहि मारले गेले. आमच्या भागांतील प्रत्येक शाळेनें यावर नाटुकलें बसविलेलें आहे आणि तें नेहमीं एकाच जातीचें असतें: तीस मुलें, तीस झेंडे आणि घोषणांनीं फाटलेला ध्वनिक्षेपक. मीहि तशीं पुष्कळ बसविलीं. एके वर्षीं आठवीच्या एका मुलीनें स्वतः लिहून आणलेली नाट्यछटा मला दाखविली. त्या दिवशीं संध्याकाळीं एका शिपायाची बायको चुलीपाशीं बसून शेजारणीशीं बोलते आहे, एवढाच प्रसंग. नवरा अजून ठाण्यावरून परतलेला नाहीं. बाई भाकरीविषयीं बोलते, पावसाविषयीं बोलते. शेजारीण कांहीं सांगावयास आली आहे आणि तिला तें सांगवत नाहीं, हें आपल्याला कळतें, तिला कळत नाहीं.

स्पर्धेच्या दिवशीं मुलीनें एक रिकामें स्टूल पुढें ठेविलें आणि त्याच्याकडे पाहात, बसल्या बसल्या, हलक्या आवाजांत सर्व म्हटलें. हात मांडीवरून उचलला नाहीं. परीक्षक मी होतों. माझ्या कागदावर हावभावांस दहा गुण, आवाजाच्या फेंकीस दहा, सभाधीटपणास दहा, असे रकाने आंखलेले. हावभावांत मीं तिला दोन दिले, फेंकींत तीन. पहिलें बक्षीस मिळालें एका मुलाला, ज्यानें मींच शिकविल्याप्रमाणें छाती पिटून डोळे फिरविले होते. गुणांची बेरीज करतांना मान वर केली तेव्हां दिसलें कीं पुढच्या रांगेंतील बाया अजूनहि त्या रिकाम्या स्टुलाकडे पाहात आहेत. एक म्हातारी तर त्याच्याकडे पाहून डोळे पुसत होती. मीं तें पाहिलें, आणि तरीहि कागदावर सही केली. तिनें पुन्हां कधीं भाग घेतला नाहीं. पुढल्या वर्षीं मीं रकाने बदलले, पण त्याचा तिला उपयोग नव्हता.

कागद दूर ठेवून नुसतें ऐकण्याची संवय मला पुढें नभोवाणीनें लाविली. नागपूर केंद्र १९४८ सालीं सुरू झालें, आणि तेथील श्रुतिका ऐकत आमच्याकडील दोन पिढ्या वाढल्या. येथें हातवारे निरुपयोगी. येथें ‘…’ या तीन टिंबांच्या जागीं नट किती वेळ थांबतो यावर सारें अवलंबून. दिवाकरांचीं टिंबें मुद्रणाची हौस नव्हेत. तीं दुसऱ्याचीं वाक्यें आहेत.

ती मुलगी आतां आर्वीस असते; तिचीं मुलें शाळेंत जातात. गेल्या दिवाळीच्या सुमारास बसस्थानकावर भेटली. मीं भीत भीत त्या स्पर्धेचा विषय काढला आणि गुण देण्यांत माझ्याकडून अन्याय झाला असें सांगितलें. ती हंसली. म्हणाली, “गुरुजी, मला तर इतकीं वर्षें वाटत होतें कीं स्टुलाचा एक पाय लंगडा होता, म्हणून तुम्हीं गुण कापले.” तेवढ्यांत बस लागली. नाट्यछटेचा तो कागद अजून आहे का, हें मला विचारावयाचें राहून गेलें.