शोक आणि सूड : कोरियन सूडपटांचा एक ऐतिहासिक विचार

दक्षिण कोरियाच्या चित्रपटसृष्टीत २००२ ते २०१० ह्या अवधीत सूड हा विषय घेऊन काही चित्रपट निर्माण झाले व त्यांची कीर्ती त्या देशाच्या सीमेपलीकडे दूरवर पसरली. पार्क चान-उक ह्या दिग्दर्शकाचे 'सूड माझा आहे' (२००२), 'ओल्डबॉय' (२००३) व 'दयाळू गुम-जा' (२००५) हे तीन चित्रपट 'सूडत्रयी' ह्या नावाने ओळखले जातात. त्यांपैकी 'ओल्डबॉय' ह्यास २००४ साली कान येथील महोत्सवात 'ग्रां प्री' हे पारितोषिक मिळाले. किम जी-वून ह्यांचा 'मी सैतान पाहिला' हा चित्रपट २०१० साली प्रदर्शित झाला. ह्या चित्रपटांतील रक्तपाताविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. प्रस्तुत निबंधात त्याहून निराळा प्रश्न घ्यावयाचा आहे. सूड तडीस गेल्यानंतर सूड घेणाऱ्याच्या पदरी काय उरते, आणि हा प्रश्न त्या देशात त्याच काळी इतक्या आग्रहाने का विचारला गेला, एवढाच आमच्या विवेचनाचा विषय होय.

ह्या प्रश्नास एक तयार उत्तर दिले जाते. कोरियन लोकांच्या अंतःकरणात 'हान' नावाचे एक साचलेले दुःख पिढ्यान्‌पिढ्या वास करीत असून हे चित्रपट म्हणजे त्याचाच उद्रेक होय, असे ते उत्तर आहे. परंतु राष्ट्राच्या स्वभावाचे नाव घेऊन विशिष्ट काळच्या घटनेचा उलगडा करणे इतिहासाच्या अभ्यासकास मानवण्यासारखे नाही. कोरियन कलेचे मर्म दुःखात आहे ही कल्पनाच मुळी जपानी अंमलाच्या काळात, १९२० च्या सुमारास, यानागी मुनेयोशी ह्या जपानी कलासमीक्षकाच्या लेखनातून पुढे आली व दृढ झाली. तिच्या आधारे कोरियन मनाची प्रकृती ठरविण्यापूर्वी त्या देशातील कायदा, राजसत्ता आणि शोकाचे आचार ह्यांच्याकडे पाहणे अधिक फलदायी ठरेल.

१. जुना दंडक

१३९२ साली स्थापन झालेल्या जोसोन राजवटीने कन्फ्यूशियसच्या परंपरेतील आचारग्रंथांना राज्यव्यवहारात प्रमाण मानले. त्यांपैकी 'लीजी' ह्या ग्रंथात मातापित्यांच्या वधाविषयी स्पष्ट आदेश आहे. ज्याच्या जन्मदात्याचा वध झाला त्याने गवताच्या शेजेवर निजावे, ढालीची उशी करावी, राजसेवा पत्करू नये आणि मारेकऱ्याबरोबर एका आभाळाखाली राहू नये. ह्यातील गवताची शेज ध्यानात घेण्याजोगी आहे. ती मुळात सुतकात असलेल्या पुत्राची शेज होय. म्हणजे सूड उगविणारा पुत्र हा सुतक न फिटलेला पुत्र आहे, ही ह्या आदेशामागील भूमिका दिसते. सूड हा शोकाचाच एक विधी, आणि तो पुरा झाला की सुतक संपले, असे आश्वासन त्यात गर्भित आहे.

कायद्याने ह्या आश्वासनास अंशतः मान्यता दिली होती. जोसोन राजवटीत चीनची मिंग संहिता लागू होती. त्या संहितेनुसार आईबापांच्या मारेकऱ्यास पुत्राने तत्क्षणी ठार केल्यास त्याला शिक्षा नव्हती. काही काळाने, स्वतःच्या अधिकारात ठार केल्यास साठ फटक्यांची शिक्षा होती. मनुष्यवधाच्या मानाने ही शिक्षा सौम्यच म्हटली पाहिजे. तथापि ती होती, हेही महत्त्वाचे आहे. शोक पुत्राचा, पण दंड देण्याचा अधिकार राजाचा, अशी विभागणी करण्याचा तो प्रयत्न होता. मात्र शोक करणारा स्वतःच राजा असला तर काय करावयाचे, ह्याची तरतूद त्यात नव्हती.

२. योन्सानगुन

असा प्रसंग सोळाव्या शतकाच्या आरंभी प्रत्यक्ष घडला. राजा सोंगजोंग ह्याने १४७९ साली आपली राणी युन हिला पदच्युत केले व १४८२ साली तिला विष देवविले. तिचा मुलगा त्या वेळी अगदी लहान होता. हाच मुलगा १४९४ साली गादीवर आला. इतिहासास तो योन्सानगुन ह्या नावाने परिचित आहे. दुसऱ्याच वर्षी पित्याच्या समाधिलेखाचा मजकूर वाचताना आपल्या आईचा अंत कसा झाला हे त्याला कळले, आणि त्या दिवशी त्याने अन्न घेतले नाही, अशी नोंद त्याच्या कारकीर्दीच्या दैनंदिनीत आहे. ही एका पुत्राच्या शोकाची नोंद आहे. तिच्यात सूडाचा मागमूसही नाही.

नऊ वर्षांनी, १५०४ साली, ह्या शोकाचे रूप सर्वस्वी पालटले. आईच्या नाशास कारणीभूत मानलेल्या पित्याच्या दोन उपपत्नींना त्याने मारविले, आणि तेही त्यांपैकी एकीच्या पुत्रांच्या हातून त्यांना मारहाण करवून. राणीच्या पदच्युतीशी ज्यांचा संबंध होता त्या मंत्र्यांना देहदंड झाला. हान म्योंग-ह्वे ह्यासारखे जे मंत्री आधीच मरण पावले होते त्यांची प्रेते उकरून त्यांचा शिरच्छेद करण्यात आला. आईला राणीचे पद व सन्मानाचे नाव परत देण्यात आले. परंतु त्याच वर्षी आजीचा मृत्यू झाला तेव्हा ह्याच राजाने शोकाचा काळ महिन्यांऐवजी दिवसांनी मोजण्याचा पायंडा पाडला. आईच्या शोकापायी ज्याने राज्य वेठीस धरले, त्यानेच शोकाचा आचार निकालात काढावा, हा विरोध वरवरचा नाही. सूड हेच ज्याच्या शोकाचे एकमेव रूप झाले त्याला शोकाच्या इतर कोणत्याही रूपाची ओळख राहिली नाही, असाच ह्याचा अर्थ लावावा लागतो.

१५०६ साली तो पदच्युत झाला व त्याच वर्षी हद्दपारीत मरण पावला. आईला त्याने दिलेला सन्मान नव्या राजवटीने काढून घेतला. जिच्यासाठी हे सारे केले तिच्या वाट्याला शेवटी काहीच आले नाही. शिन सांग-ओक ह्यांनी १९६१ साली ह्या राजावर चित्रपट काढला. पुढे २००५ साली ली जून-इक ह्यांच्या 'राजा आणि विदूषक' ह्या चित्रपटात तो पुन्हा अवतरला. सूडत्रयीतील शेवटचा चित्रपटही त्याच वर्षीचा होय.

३. न्यायाची उशिरा आलेली पहाट

आधुनिक काळात दंडाचा अधिकार सर्वस्वी राज्यसंस्थेकडे गेला. ह्या व्यवस्थेत पीडितावरचा दंड देण्याचा भार राज्य उचलते, व त्यास शोक करण्यास मोकळे ठेवते. परंतु राज्यच अपराधी असेल तर ही व्यवस्था कोलमडते. मे १९८० मध्ये ग्वांगजू शहरातील नागरिकांवर लष्कराने गोळीबार केला. त्यामागील सूत्रधार चोन दू-ह्वान हे त्यानंतर १९८८ पर्यंत राष्ट्राध्यक्ष होते. लोकशाही आल्यावर, १९९५ च्या विशेष कायद्यान्वये, त्यांच्यावर व त्यांच्यामागून राष्ट्राध्यक्ष झालेले रो ते-ऊ ह्यांच्यावर खटला चालला. ऑगस्ट १९९६ मध्ये चोन ह्यांना देहदंड फर्मावण्यात आला. वरच्या न्यायालयाने तो जन्मठेपेवर आणला. आणि डिसेंबर १९९७ मध्ये दोघांनाही माफी मिळून ते सुटले. चोन २०२१ साली वारले. ग्वांगजूच्या लोकांची क्षमा त्यांनी अखेरपर्यंत मागितली नाही.

सामान्य गुन्ह्यांच्या बाबतीतही न्यायाची मर्यादा लोकांच्या अनुभवास येत होती. ह्वासोंग परिसरात १९८६ ते १९९१ ह्या काळात दहा स्त्रियांचे खून झाले. बाँग जून-हो ह्यांचा 'खुनांच्या आठवणी' (२००३) हा चित्रपट त्यांवर आधारलेला आहे. खुनाच्या खटल्यास त्या वेळी पंधरा वर्षांची मुदत होती, व ती २००६ साली संपली. २०१९ साली खुनी कोण हे निश्चित झाले, पण त्याच्यावर खटला भरता येईना. उलट त्यांपैकी एका खुनासाठी सुमारे वीस वर्षे तुरुंगात काढलेल्या निरपराध मनुष्यास २०२० साली निर्दोष ठरविण्यात आले. ही मुदत २००७ साली पंचवीस वर्षांची झाली व २०१५ साली खुनाच्या बाबतीत रद्दच करण्यात आली. 'ओल्डबॉय'मधील नायकाच्या बंदिवासाचा काळ नेमका पंधरा वर्षांचा आहे, हे ह्या संदर्भात लक्षात ठेवण्यासारखे आहे.

ह्या गोष्टी पडद्यावर मांडता येऊ लागल्या त्याही ह्याच सुमारास. चित्रपटांचे पूर्वपरीक्षण घटनाबाह्य असल्याचा निर्णय घटना-न्यायालयाने ऑक्टोबर १९९६ मध्ये दिला. अर्थात न्यायालये स्वतंत्र झाली, त्यांच्या मर्यादा दिसून आल्या आणि त्यांविषयी बोलण्याची मोकळीक मिळाली, ह्या तिन्ही गोष्टी अवघ्या दहा वर्षांत घडून आल्या. सूडपटांचा उदय ह्या संधिकाळात झाला. ते केवळ ह्या घटनांमुळेच निर्माण झाले असे म्हणणे धाडसाचे होईल. 'ओल्डबॉय'चे कथाबीज तर एका जपानी चित्रकथेतून घेतलेले आहे. परंतु त्या कथेला तेथे जे रूप आले आणि प्रेक्षकांनी ते ज्या गांभीर्याने स्वीकारले, त्यास ही पार्श्वभूमी होती एवढे निश्चित.

४. सूड पुरा झाल्यावर

आता प्रत्यक्ष चित्रपटांकडे वळू. 'सूड माझा आहे' ह्यात र्‍यू हा मूकबधिर कामगार आपल्या आजारी बहिणीच्या मूत्रपिंडासाठी पैसा उभा करावा म्हणून एका कारखानदाराच्या मुलीला पळवितो. मुलगी अपघाताने बुडून मरते. तत्पूर्वी बहिणीने आत्महत्या केलेली असते. येथून दोन शोकाकुल पुरुष सूडाच्या मार्गाला लागतात. र्‍यू मूत्रपिंडाच्या चोरट्या व्यापाऱ्यांचा माग काढतो, तर मुलीचा बाप र्‍यूचा. र्‍यू स्वभावाने वाईट नाही हे बापाला कळते, तो तसे त्याला बोलूनही दाखवितो, आणि तरीही त्याला मारतो. १९९७ च्या आर्थिक अरिष्टानंतरची कामगारकपात चित्रपटात सर्वत्र जाणवते. येथे कोणीही खलपुरुष नाही. दोघांनाही एकच दुःख आहे आणि ते एकमेकांपाशी बोलता येत नाही, ही ह्या कथेतील खरी शोकांतिका होय.

'ओल्डबॉय'मध्ये हा विचार अधिक खोल गेला आहे. ओ दे-सूने शाळकरी वयात सहज उच्चारलेल्या शब्दांतून अपवाद पसरतो व ली वू-जिन ह्याची बहीण जीव देते. वू-जिन दे-सूला पंधरा वर्षे एका खोलीत कोंडून ठेवतो व नंतर सोडून देऊन त्याच्याहूनही भयंकर शिक्षा देतो. त्याचा बेत तंतोतंत पार पडतो. विजयी होऊन तो उद्वाहकातून खाली जाऊ लागतो, आणि त्याच क्षणी धरणाच्या कठड्यावरून आपल्या हातातून निसटणारी बहीण त्याला पुन्हा दिसते. तो स्वतःवर गोळी झाडतो. इतकी वर्षे सूडाच्या कामात गुंतून त्याने जो शोक दूर ठेवला होता तो काम संपताच समोर उभा राहिला. सूडाने शोक फेडला नाही, केवळ लांबणीवर टाकला, हे ह्याहून स्पष्टपणे क्वचितच सांगितले गेले असेल.

'मी सैतान पाहिला' ह्यातील नायक गुप्तवार्ता खात्यातील अधिकारी आहे. वाग्दत्त वधूचा खून करणाऱ्यास तो पकडतो, छळतो, सोडतो आणि पुन्हा पकडतो. त्याला दुःखाची परतफेड दुःखाने करावयाची आहे. परंतु ह्या मोकळीकीचा फायदा घेऊन खुनी वधूच्या पित्यावर हल्ला करतो व तिच्या बहिणीला ठार मारतो. जे उरले होते तेही नायकाने गमावले. शेवटी खुन्याचा वध होतो तो त्याच्याच कुटुंबीयांनी दार उघडल्यामुळे, आणि त्यात त्याचा मुलगाही आहे. रस्त्याने एकटाच निघालेल्या नायकाला अखेर रडू कोसळते. त्या रडण्यात समाधानाचा लवलेश नाही.

ह्या सर्वांत ऐतिहासिक दृष्ट्या 'दयाळू गुम-जा' हा चित्रपट अधिक विचार करावयास लावणारा आहे. आपण न केलेल्या बालहत्येसाठी तेरा वर्षे तुरुंगात काढून आलेली गुम-जा खऱ्या खुन्याला पकडते. त्याने आणखीही मुले मारली आहेत हे उघड झाल्यावर ती त्या मुलांच्या आईबापांना एका ओसाड शाळेत बोलावते व त्याला कायद्याच्या हाती द्यावयाचे की स्वतःच शिक्षा करावयाची, असे विचारते. आईबाप चर्चा करतात, निर्णय घेतात, अंगावर पावसाळी अंगरखे चढवून क्रमाक्रमाने आत जातात. कोणी फितूर होऊ नये म्हणून सर्वांचे एकत्र छायाचित्रही घेतले जाते. न्यायालयाची ही जणू प्रतिकृतीच आहे. उणीव आहे ती फक्त न्यायाधीशाची. नंतर ते सारे एका मिठाईच्या दुकानात बसून केक खातात, आणि खंडणीचे पैसे परत मिळावेत म्हणून आपापले बँकेचे खातेक्रमांक कागदावर लिहून देतात. मुलाविषयी बोलावे असा एकही शब्द कोणाला सापडत नाही. पुढे मृत मुलगा वन-मो गुम-जाला दिसतो. ती क्षमा मागण्यासाठी तोंड उघडते, तोच तो तिच्या तोंडात बोळा कोंबतो. ज्याच्यासाठी सूड घेतला त्यालाच ती भाषा मान्य नाही.

५. समारोप

'लीजी'ने पुत्राला दिलेले आश्वासन हे चित्रपट एकामागून एक तपासून पाहतात आणि खोटे ठरवितात. गवताच्या शेजेवरून उठलेल्या पुत्राला परतावयास घर उरत नाही. योन्सानगुनाच्या चरित्रातून हेच दिसते. त्याच्या ठायी राजसत्ता असल्यामुळे त्याची किंमत साऱ्या दरबाराने मोजली, एवढाच फरक.

परंतु ह्यावरून हे चित्रपट क्षमेचा उपदेश करतात असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. ली चांग-दोंग ह्यांच्या 'मिर्‍यांग' (२००७) ह्या चित्रपटात मुलाच्या खुन्याला क्षमा करावयास गेलेल्या आईला तो शांतपणे सांगतो की देवाने आपल्याला आधीच क्षमा केली आहे. आणि ती आई कोसळते. तिच्या हातून सूडही गेला आणि क्षमाही. १९९७ च्या माफीनंतर ग्वांगजूतील अनेक कुटुंबांची स्थिती ह्याहून फारशी निराळी नसावी. क्षमा करण्याचा अधिकार ज्यांचा, त्यांना विचारल्यावाचून ती दिली गेली होती. २०१२ सालच्या 'छब्बीस वर्षे' ह्या चित्रपटात ग्वांगजूच्या मृतांची मुले त्या वयोवृद्ध सूत्रधाराच्या वधाचा कट रचतात. चित्रपटाच्या अखेरीस गोळी सुटते, पण ती लागली किंवा नाही हे दाखविलेले नाही.

न्यायालयाचे काम अपराध्यास शिक्षा करण्यापाशी संपते असे आपण सामान्यतः मानतो. ह्या चित्रपटांच्या अभ्यासावरून त्याचे आणखी एक कार्य दिसून येते. शिक्षेचे ओझे पीडिताच्या खांद्यावरून उतरवून, त्याला आपल्या माणसासाठी रडण्याची मोकळीक देणे, हे ते कार्य होय. जेथे न्याय उशिरा येतो, अर्धवट येतो किंवा परस्पर मागे घेतला जातो, तेथे ते ओझे पुन्हा पीडिताकडेच परत येते, आणि ते वाहताना त्याला रडता येत नाही. कोरियन सूडपटांनी ह्या न रडलेल्या शोकाची नोंद करून ठेवली आहे. त्या देशाच्या अलीकडील इतिहासाचे एक साधन म्हणून तिची दखल घेणे म्हणूनच उचित ठरेल.