हरवलेला स्वल्पविराम

१९५७ सालच्या एप्रिल महिन्यातली गोष्ट. अमेरिकेत पिट्सबर्गजवळच्या बेटिस प्रयोगशाळेत टपालाने एक खोके आले. आत भोके पाडलेली सुमारे दोन हजार कार्डे. सोबत ना चिठ्ठी ना चपाटी! हर्बर्ट ब्राइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तर्क केला, की हा आय.बी.एम.चा फोरट्रान असावा. जॉन बॅकस व त्यांच्या मंडळींनी घडवलेली ही नवी भाषा. माणसाने गणिताच्या सूत्रांसारखे लिहावे आणि कंपायलर नावाच्या दुभाष्याने ते यंत्राच्या बोलीत उतरवावे, अशी तिची योजना. मंडळींनी आपली आज्ञावली यंत्रापुढे ठेवली. यंत्राने तक्रार छापली: अमुक वाक्यात उजव्या कंसानंतर स्वल्पविराम नाही. तो घातला आणि काम चालू झाले.

काय चुकले आणि कुठे चुकले, दोन्ही सांगणारी ही तक्रार एखाद्या चांगल्या मास्तरला शोभणारी होती. परंतु हे भाग्य पुढच्या सर्वांना लाभले नाही.

त्या काळी कार्डांचा गठ्ठा खिडकीवर द्यायचा आणि उत्तराची वाट पाहायची. कधी काही तास, कधी दुसरा दिवस. एका स्वल्पविरामापायी दिवस फुकट! म्हणून साठीच्या दशकात विद्यापीठांनी यात लक्ष घातले. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाने १९६५ मध्ये विद्यार्थ्यांसाठी वॅटफोर हा कंपायलर केला. त्याच्या सूचना स्पष्ट असत. कॉर्नेल विद्यापीठाचे कंपायलर तर किरकोळ चूक स्वतःच दुरुस्त करून पुढे जात.

वाचक विचारतील, यंत्राला चूक कळते, मग नीट सांगायला काय जाते? गोम अशी, की यंत्राला चूक कळत नाही. आपण कुठे अडखळलो एवढेच कळते. दहाव्या ओळीत उघडलेला कंस मिटायचा राहिला, तर वाचता वाचता ते अकराव्या ओळीवर ठेचाळते आणि बोट त्या निरपराध ओळीकडे दाखवते. शिवाय एकदा सूत्र तुटले, की पुढच्या शुद्ध वाक्यांवरही तक्रारींचा पाऊस पडतो. उलट ‘ध’चा ‘मा’ झाला तर यंत्र चकार शब्द काढणार नाही. ‘मारावे’ हे वाक्य व्याकरणाने निर्दोषच की!

त्यात भाषा कठोर. ‘बेकायदा’, ‘प्राणघातक’ असे शब्द सर्रास छापले जात. १९८२ साली बेन श्नायडरमन यांनी लिहिले, की संदेश दरडावणारा नसावा, उपाय सुचवणारा असावा. हे पटले सर्वांना, आचरणात यायला मात्र वर्षे लागली.

पायथन ही भाषा १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली. तिचा वाचक एका वेळी पुढचा एकच शब्द पाहून निर्णय घेई आणि कितीतरी चुकांना एकच उत्तर देई: ‘अवैध रचना’. २०२० मध्ये तिला नवा वाचक मिळाला. आज्ञावली शुद्ध असेल तर तो सरळ पुढे जातो. अडला, तरच नेहमीच्या चुकांची यादी हाती घेऊन पुन्हा पहिल्यापासून वाचतो. त्यामुळे शुद्ध लिहिणाऱ्याचा वेळ जात नाही. २०२१ च्या आवृत्तीपासून तो नेमक्या कंसावर बोट ठेवून सांगतो, ‘हा कंस मिटलाच नाही’.

कंस मिटवणे हे क्षणाचे काम. पण ‘अवैध रचना’ एवढेच वाचून किती नवशिक्यांनी ‘हे आपल्याला जमायचे नाही’ म्हणून पाटी ठेवून दिली असेल! वहीवर नुसती लाल फुली मारली, तर मुलाला आपण चुकलो एवढेच कळते. फुलीशेजारी दोन शब्द लिहिले, तर तेच मूल दुसऱ्या दिवशी वही घेऊन पुन्हा टेबलापाशी येते.