पहिली दुरुस्ती

मुंबई-पुणे जुन्या महामार्गालगतच्या लोधिवलीत आमच्या ओळखीचा एक मुलगा राहतो. संगणक अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. गेल्या पावसाळ्यात तो लॅपटॉप घेऊन माझ्याकडे आला. "काका, तुम्ही जुने कागद तपासता ना? मग हेही बघा," म्हणाला. एका मुक्तस्रोत फ्रेमवर्कच्या माहितीपुस्तिकेतली एक सूचना चुकीची होती. ती दुरुस्त करून त्याने पाठवली, आणि तीन शेऱ्यांसह ती परत आली. त्याचा चेहरा पडला होता. मला मात्र त्या शेऱ्यांचा हेवा वाटला. माझे इतिहासाचे शिक्षण कोणत्याही विद्यापीठात झालेले नाही. मोडी मी चाळिशीनंतर शिकलो. माझे लिखाण इतक्या बारकाईने कोणी वाचून परत केल्याचे मला फारसे आठवत नाही.

फ्रेमवर्क म्हणजे संकेतस्थळ उभारण्याचा तयार सांगाडा. खांब, वासे आयते मिळतात; भिंती आपण घालायच्या. मुक्तस्रोत म्हणजे त्याचा कोड कोणालाही वाचता, वापरता आणि बदलता येतो. या चळवळीची सुरुवात साधारणपणे २७ सप्टेंबर १९८३ पासून धरतात. त्या दिवशी रिचर्ड स्टॉलमन यांनी जीएनयू प्रकल्प जाहीर केला. पुढे २५ ऑगस्ट १९९१ रोजी हेलसिंकी विद्यापीठातल्या एकवीस वर्षांच्या लिनस टोरवाल्ड्सने आपण छंद म्हणून एक कार्यप्रणाली लिहीत असल्याचे कळवले आणि लोकांची मते मागितली. तीच पुढे लिनक्स झाली. म्हणजे या इतिहासातला एक मोठा टप्पाच एका विद्यार्थ्याने सुरू केला.

फ्रेमवर्कच्या बाबतीत जँगोची गोष्ट आणखी जवळची वाटते. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात लॉरेन्स नावाचे एक लहान शहर आहे. तिथल्या 'लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड' या स्थानिक वृत्तपत्राच्या कचेरीत २००३ मध्ये एड्रियन होलोवाटी आणि सायमन विलिसन यांनी पायथन भाषेत हे काम सुरू केले. विलिसन तेव्हा इंग्लंडमधल्या बाथ विद्यापीठाचा विद्यार्थी होता; अभ्यासक्रमातले कामाचे वर्ष काढायला तो तिथे आला होता. वृत्तपत्रात नवे पान आज सांगितले की उद्या हवे असते. त्या घाईतून हा सांगाडा घडला. जुलै २००५ मध्ये तो सर्वांसाठी खुला झाला. गिटारवादक जँगो राइनहार्टचे नाव त्याला दिले आहे.

कोड खुला झाला, पण दार खुले असणे आणि पाहुण्याला आत कसे यायचे ते कळणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जँगोने याची पद्धत बसवली. चुकांची नोंदवही सर्वांना दिसते. नवख्याला झेपतील अशा नोंदींवर तशी खूण करतात. पहिली दुरुस्ती कशी करावी, याचा वेगळा पाठ आहे. कोड बदलला तर तो चालतो हे दाखवणारी चाचणी जोडावी लागते. आणि आपलीच दुरुस्ती तयार आहे असा शिक्का आपणच मारायचा नाही. तो दुसऱ्याने मारायचा. लोधिवलीच्या मुलाला मिळालेले तीन शेरे याच जातीचे होते: वाक्य आखूड करा, उदाहरण चालवून दाखवा, बाकीच्या पानांत जो शब्द आहे तोच वापरा.

हे शेरे नकोसे वाटतात, कारण आपल्याकडे योगदानाचा आकडा मोजायची सवय लागली आहे. नोकरीच्या अर्जात तो शोभून दिसतो. २०२४ च्या सुरुवातीला एक्स्प्रेस या फ्रेमवर्कच्या माहितीपानात स्वतःचे नाव घालण्याचे शेकडो प्रस्ताव येऊन पडले. एका भारतीय शिकवणीच्या व्हिडिओत प्रस्ताव कसा पाठवायचा हे दाखवले होते, ते मुलांनी जसेच्या तसे केले. सांभाळणाऱ्यांचा वेळ ते निस्तरण्यात गेला. आपल्या गडांच्या भिंतींवर बदाम काढून नावे कोरणारे असतात, आणि रविवारी घमेले घेऊन टाक्यातला गाळ काढणारेही असतात. गडावर दोघेही जातात. दोष मुलांचा कमी, शिकवणाऱ्यांचा जास्त: प्रस्ताव कसा पाठवायचा ते सांगितले, कशासाठी ते राहून गेले.

आपल्याला ही रीत परकी नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या, पेण तालुक्यातल्या वरसईच्या वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड काढला. पुढे तिचे बावीस खंड झाले. त्यांनी केवळ निष्कर्ष सांगितले नाहीत, मूळ पत्रे छापली. त्यामुळे पुढच्या माणसाला तिथी ताडून पाहता आली, वाचन दुरुस्त करता आले, खुद्द राजवाड्यांशी वाद घालता आला. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले, तेव्हा तपासणीला एक कायमचे घर मिळाले. माझ्यासारख्या बिनपदवीच्या माणसाला या विषयात पाय ठेवता आला, तो साधने उघडी होती म्हणून. आणि माझ्या चुका वेळीच सुधारल्या, त्या कोणीतरी समासात खूण केली म्हणून.

मुलाला मी एवढेच सांगितले, की चुका काढायला कोणीतरी आपला वेळ घालवला, याचा अर्थ तुझे काम वाचण्याजोगे होते. त्याने दोन शेरे मान्य केले. तिसऱ्याला कारण देऊन नम्रपणे विरोध केला. तो शब्द मूळ पानातच चुकला होता. नवव्या दिवशी दुरुस्ती स्वीकारली गेली. सगळ्या मिळून चार ओळी. त्याच्या अर्जात त्या भरतील की नाही कोण जाणे. पण ती सूचना वाचून आता जगात कुठेही कोणी अडणार नाही. परवा तो पुन्हा आला होता. या वेळी चूक त्याने स्वतः शोधली होती, आणि पाठवण्याआधी मला म्हणाला, "काका, आधी तुम्ही शेरे मारा."