तांब्याची तार आणि २५६ चा वेग

वाळूज एमआयडीसीतल्या जुन्या कंपन्यांच्या पाट्या कधी नीट वाचल्यात? ०२४० आणि पुढे २५५ किंवा २५६ ने सुरू होणारा नंबर. आता त्या नंबरवर कुणी फोन करत नाही म्हणा, सगळं मोबाईल आणि व्हॉट्सॅपवर चालतं. पण इथल्या घरांत इंटरनेट पहिल्यांदा आलं ते याच तारांवरून, आणि या तारा काही घरांसाठी टाकलेल्या नव्हत्या. १९८५ मध्ये बजाज ऑटोचा प्लँट सुरू झाला, मागोमाग व्हेंडर आले, आणि कारखाना म्हटलं की फोन लागणारच. घरगुती फोन म्हणजे तेव्हा नंबर लावून वाट बघायची गोष्ट.

तर आज त्या तारेबद्दल. डेटा पॅकच्या जमान्यातल्या मंडळींना हे पुराण वाटेल, पण वाचा, मजा आहे.

१५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास अशी मोठी शहरं आधी. ग्राफिक्स दिसणारं टीसीपी/आयपी अकाउंट २५० तासांना १५,००० रुपये! विद्यार्थ्यांना ५०० रुपयांत तेवढेच तास, पण फक्त अक्षरं, चित्र नाही. यातली खरी गोम वेगळीच होती. व्हीएसएनएलकडे देशाबाहेर जाणारी लाईन होती, पण तुमच्या घरापर्यंत येणारी तार होती दूरसंचार खात्याची. म्हणजे दार एकाचं आणि गल्ली दुसऱ्याची. आणि ज्या गावात नोड नाही तिथून मॉडेमने नंबर लावायचा म्हणजे एसटीडी कॉल. मराठवाड्यातल्या माणसाला ही बातमी पेपरात वाचण्यापुरतीच होती.

नोव्हेंबर १९९८ च्या धोरणाने व्हीएसएनएलची मक्तेदारी संपली, खासगी कंपन्या आल्या. १ ऑक्टोबर २००० ला खात्याचं बीएसएनएल झालं, आणि गल्लीचा मालक स्वतःच दुकानात उतरला. संचारनेटची कार्डं, आणि त्याहून सोपं म्हणजे १७२२२२. मॉडेमने हा नंबर लावायचा, वेगळं कनेक्शन घ्यायची भानगड नाही, पैसे थेट फोनच्या बिलात. लोकल कॉलचा पल्स ३ मिनिटांचा, म्हणजे तासाला २० कॉल. १.२० रुपयाचा कॉल धरला तर नुसत्या फोनचे २४ रुपये. वर त्या तासात घरी कुणाचा फोन आला तर एंगेज. "ठेव रे ते नेट, मामाचा फोन यायचाय" हे वाक्य बऱ्याच घरांत ऐकलं गेलं असणार.

मग ऑक्टोबर २००४ मध्ये ब्रॉडबँड धोरण आलं. २५६ केबीपीएस किंवा जास्त असेल त्याला ब्रॉडबँड म्हणायचं असं सरकारने ठरवलं. (ही व्याख्या पुढे ५१२ झाली आणि २ एमबीपीएसवर यायला २०२३ उजाडलं. असो.) जानेवारी २००५ मध्ये बीएसएनएलने डेटावन सुरू केलं, महिना ५०० रुपयांपासून.

इंजिनियर म्हणून मला यातलं तंत्र फार आवडतं. माणसाचा आवाज त्या तारेत ४ किलोहर्ट्झच्या आत मावतो, वरची सगळी जागा रिकामीच पडलेली. एडीएसएल त्या रिकाम्या जागेत डेटा घालतं. घरी एक स्प्लिटरची डबी, एक्स्चेंजमध्ये डीस्लॅम, आणि मध्ये तीच जुनी तार. रस्ता खोदायला नको, नवी केबल टाकायला नको. फोन आणि नेट एकाच वेळी! फक्त अट एवढीच की एक्स्चेंज जवळ हवं. चार-पाच किलोमीटरच्या पुढे सिग्नल मरतो, आणि सांधे गंजले असतील तर त्याआधीच.

१ जानेवारी २००७ पासून बहुतेक प्लॅनचा वेग २ एमबीपीएसपर्यंत नेला. अनलिमिटेडवाले मात्र २५६ वरच राहिले. आता जरा गणित करा. २५० रुपयांच्या प्लॅनमध्ये महिन्याला १ जीबी. २५६ च्या वेगाने १ जीबी संपायला पावणेनऊ तास लागतात, २ एमबीपीएसने जेमतेम ६७ मिनिटं. म्हणजे गाडी आठपट जोरात आणि टाकी तेवढीच! ५०० च्या प्लॅनला रात्री २ ते सकाळी ८ मोफत होतं, त्यामुळे डाउनलोड मॅनेजरला २ ची वेळ लावून झोपायचं अशी एक अख्खी पिढी तयार झाली. आमच्या सोसायटीतले एक दादा लिनक्सच्या सीडी अशाच उतरवायचे आणि आम्हा पोरांना त्याचं फार अप्रूप वाटायचं.

पण माझ्या मते खरा निर्णय वेगाचा नव्हताच. २००४ मध्ये ट्रायने सुचवलं होतं की बीएसएनएल आणि एमटीएनएलच्या तारा भाड्याने इतर कंपन्यांना वापरू द्याव्यात. जपानमध्ये २००१ ला याहू बीबीने असंच एनटीटीच्या तारांवरून स्वस्त इंटरनेट विकलं, फ्रान्समध्ये २००२ ला फ्री कंपनीने. आपल्या धोरणाने ते सक्तीचं केलं नाही. जनतेच्या पैशातून टाकलेली तार खासगीला का द्यायची, हा प्रश्न चुकीचा नव्हता. पण मग त्या तारेवर जेवढं नेट पोचवायचं ते एकट्या बीएसएनएलनेच, एवढंच उरलं. २०१० पर्यंत २ कोटी ब्रॉडबँड जोडण्यांचं लक्ष्य होतं, झाल्या सुमारे १.१ कोटी.

आणि वाळूजला आणखी एक अडचण होती, जी कुठल्या धोरणात सापडणार नाही. डेटावन हवं तर लँडलाईन हवी, लँडलाईनला पत्त्याचा पुरावा हवा. बजाजनगरच्या रो-हाऊसवाल्यांना ते जमलं. रांजणगाव, जोगेश्वरी, पंढरपूरच्या खोल्यांत तिघं-चौघं मिळून राहणारी, जालना-बीड-परभणीहून आलेली, कंत्राट संपलं की खोली बदलणारी पोरं काय पुरावा देणार? त्यांच्यासाठी फोन म्हणजे पिवळ्या पाटीचा एसटीडी बूथ, आणि नेट म्हणजे तासावर पैसे घेणारा कॅफे. आयटीआयचा निकाल, रेल्वे भरतीचा फॉर्म, सगळं तिथेच, मागे लाईन लावून.

या पोरांच्या हातात नेट आलं ते मोबाईलवरून, आणि सप्टेंबर २०१६ ला जिओ आल्यावर भरभरून. त्यांनी डायल-अप पाहिलं नाही, डेटावनही नाही. तार त्यांच्या खोलीपर्यंत कधी आलीच नव्हती. इकडे ३१ जानेवारी २०२० ला बीएसएनएलचे सुमारे ७८ हजार कर्मचारी एकाच दिवशी स्वेच्छानिवृत्त झाले. कुठल्या डबीतला कुठला सांधा कुठे जातो हे तोंडपाठ असलेले लाईनमन त्यात होतेच. नोव्हेंबर २०२१ मध्ये तारेवरच्या ब्रॉडबँडमधला पहिला नंबरही बीएसएनएलकडून जिओकडे गेला, आणि जिओची ती तार तांब्याची नव्हती, काचेची होती.